तिबेटी वैद्यक शिकायचंय? नाडी आणि गोळ्या राहू देत, आधी कोंबडा-साप-डुक्कर बघा

मॅक्लिओडगंजला जाऊन आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो, एक म्हणजे मोमो कुठे खाल्ले आणि दुसरी म्हणजे तिथल्या वैद्याने नुसती नाडी धरून कसं सगळं ओळखलं. मग घरी आल्यावर युट्यूब सुरू होतं, एका व्हिडिओत क्वांटम हीलिंग, दुसऱ्यात सिंगिंग बाऊल, तिसऱ्यात रेशमी कापडात गुंडाळलेली महागडी गोळी, आणि गाडी तिथेच अडते. हे लिहितेय ते अशांसाठी ज्यांना विषय खरंच समजून घ्यायचाय, म्हणजे स्वतःवर किंवा शेजाऱ्यांवर उपचार करायला नाही, तर हे शास्त्र विचार कसा करतं आणि त्यात बुद्ध नेमका कुठे येतो हे कळायला.

माझं मत आधीच सांगून टाकते. तिबेटी वैद्यक आणि बौद्ध धर्म हे दोन वेगळे टॉपिक म्हणून वाचले तर दोन्ही हातचे जातात. लोक औषधांचा भाग आवडीने वाचतात आणि धर्माचा भाग "श्रद्धेचा मामला" म्हणून सोडून देतात, पण इथे धर्म म्हणजे वरून लावलेला टिळा नाहीये, माणूस आजारी का पडतो याचं उत्तरच तिथून येतं. आणि मराठी वाचकाची यातली निम्मी तयारी झालेलीच असते. वात-पित्त-कफ घरात ऐकलेलं असतं, लोभ-द्वेष-मोह विहारात नाहीतर कीर्तनात ऐकलेलं असतं. फक्त हे दोन एकमेकांना जोडलेत असं कोणी सांगितलेलं नसतं.

थोडं नाव-गाव सांगते. याला सोवा रिग्पा म्हणतात. सवयीने आपण तिबेटी म्हणतो, पण लडाख, स्पिती, सिक्कीम, तवांग, भूतान, मंगोलिया, थेट रशियातल्या बुर्यातियापर्यंत हेच चालतं, आणि लडाखकडे वैद्याला अमची म्हणतात. ल्हासामध्ये चाकपोरी टेकडीवर १६९६ साली देसी (म्हणजे राज्याचा कारभारी) सांग्ये ग्यात्सोने वैद्यकाचं विद्यालय काढलं, पुढे १९१६ मध्ये तेराव्या दलाई लामांच्या काळात मेन्त्सीखांग ही दुसरी संस्था निघाली. १९५९ मध्ये चाकपोरी उद्ध्वस्त झालं, आणि १९६१ मध्ये धरमशालेत मेन्त्सीखांग नव्याने उभी राहिली. भारत सरकारने २०१० साली कायद्यात दुरुस्ती करून या पद्धतीला मान्यता दिली, आता ती आयुषमध्ये आहे. चीननेही २०१८ मध्ये यातलं औषधी स्नान, ज्याला लुम म्हणतात, युनेस्कोच्या वारसा यादीत आपल्या नावाने नोंदवून घेतलं. म्हणजे राजकारण भरपूर आहे, त्यामुळे नेटवर काही वाचताना लिहिणारा कुठे बसून लिहितोय ते बघत चला.

आता अभ्यासाला लागू. पहिलं काम म्हणजे मूळ ग्रंथाचा नकाशा डोक्यात बसवणं. ग्रंथाचं नाव ग्युशी, म्हणजे चार तंत्रं. मूळ तंत्राचे ६ अध्याय, व्याख्या तंत्राचे ३१, उपदेश तंत्राचे ९२ आणि उत्तर तंत्राचे २७, सगळे मिळून १५६. तंत्र म्हटल्यावर लगेच लिंबू-मिरची डोळ्यासमोर आणू नका, बराचसा मजकूर हाडं, पचन, ताप, जखमा, पथ्य असा रोकडा आहे. मांडणी मात्र सूत्रग्रंथांसारखी, तानादुग नावाच्या औषधी नगरीत भैषज्यगुरू बुद्ध बसलेत, त्यांच्याच मनातून निघालेला एक ऋषी प्रश्न विचारतोय आणि दुसरा उत्तरं देतोय. आपल्याकडच्या पोथ्यांत शौनक विचारतात आणि सूत सांगतात, तसंच काहीसं. हे खरंच बुद्धवचन आहे की बाराव्या शतकातल्या युथोक योन्तेन गोन्पो या वैद्याने रचलंय, यावर खुद्द तिबेटातच शतकानुशतकं वाद झाले, आणि सोळाव्या शतकात झुरखारवा लोद्रो ग्याल्पो यांच्यासारख्या मोठ्या वैद्याने ते युथोकचंच काम आहे असं मांडलं. मला ही गोष्ट फार आवडते, परंपरा आतून किती भांडू शकते ते यातून कळतं.

सगळे १५६ अध्याय वाचायची गरज नाही. सुरुवातीला पहिले ६ पुरे. मेन्त्सीखांगने मूळ तंत्र आणि व्याख्या तंत्राचं इंग्रजी भाषांतर स्वतः काढलंय, ते घ्या. त्या ६ अध्यायांत सगळं शास्त्र झाडाच्या रूपात सांगितलंय, मुळं ३, खोडं ९, फांद्या ४७, पानं २२४. पहिलं मूळ शरीर आणि आजाराचं, दुसरं निदानाचं, तिसरं उपचाराचं. एक मोठा चार्ट पेपर आणा आणि झाड स्वतः काढा, प्रिंट काढून चिकटवू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. पहिल्या मुळाची ८८ पानं, दुसऱ्याची ३८, तिसऱ्याची ९८. पहिल्या खोडावरची २५ पानं लिहायला घेतली की ओळखीचे चेहरे दिसायला लागतात, कारण तीन दोषांचे प्रत्येकी पाच असे १५ प्रकार, मग ७ धातू आणि ३ मल. आयुर्वेदाचं एखादं पुस्तक चाळलं असेल तर इथे हसू येईल. झाडाला शेवटी दोन फुलं आणि तीन फळं आहेत, फुलं म्हणजे निरोगीपण आणि दीर्घायुष्य, आणि फळं म्हणजे धर्म, संपत्ती आणि सुख. संपत्तीही आहे बरं का, अगदी कोरडा वैराग्याचा कारभार नाही.

हीच झाडं चित्रात बघायची असतील तर देसी सांग्ये ग्यात्सोने करून घेतलेले ७९ वैद्यकीय थंका, म्हणजे कापडावर रंगवलेली चित्रं, शोधा, त्यांच्या प्रती पुस्तकांत छापलेल्या आहेत. पहिल्या चित्रात औषधी नगरी आहे आणि पुढच्या तीन चित्रांत तीन झाडं. बाकीच्या चित्रांत काय नाहीये, गर्भाची वाढ, सर्जरीची अवजारं, वनस्पती, प्राणी, स्वप्नं, वैद्याला वाटेत दिसणारे शुभ-अशुभ शकुन. यावर एक अख्खा रविवार जाऊ शकतो.

दुसरं काम म्हणजे आयुर्वेदाचा आचार्य वाग्भट शेजारी उघडून ठेवणं, आणि हे मराठी वाचकासाठी मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. अकराव्या शतकाच्या सुमारास रिन्चेन झांग्पो (९५८ ते १०५५) या महान अनुवादकाने वाग्भटाचं अष्टांगहृदय तिबेटीत आणलं, आणि ग्युशीच्या व्याख्या तंत्रात त्यातले कितीतरी भाग जवळजवळ जसेच्या तसे सापडतात. त्यामुळे हे "हिमालयातलं गूढ ज्ञान" वगैरे जे मार्केटिंग चालतं त्यातला बराच भाग आपल्या बीएएमएसच्या पोरांना पहिल्या वर्षी पाठ करावा लागतो. अष्टांगहृदयावरची एक नामांकित टीका तर आपल्या हेमाद्रीची आहे, हो तोच देवगिरीच्या यादवांचा हेमाडपंत. आता अष्टांगहृदयाचा पहिलाच श्लोक बघा, "रागादिरोगान् सततानुषक्तान्" असा सुरू होतो. राग म्हणजे इथे आपला मराठीतला संताप नाही, आसक्ती. ही आसक्ती वगैरे सगळे रोग ज्याने मुळासकट मारले त्या अपूर्व वैद्याला नमस्कार, असा तो श्लोक आहे. वाग्भट बौद्ध होता की नाही यावर विद्वान अजून भांडतात, पण आसक्ती हा रोग आहे आणि तिला मारणारा तो वैद्य, ही कल्पना त्याने दारातच ठेवलीय. तिबेटी लोकांनी ती उचलली आणि थेट पॅथॉलॉजीत नेऊन बसवली.

कशी ते सांगते, सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. इथले तीन दोष म्हणजे लुंग, त्रिपा आणि पेकेन. ढोबळमानाने वात, पित्त, कफ म्हणा, सुरुवातीला चालतं. जागाही वाग्भटासारख्याच, पेकेन शरीराच्या वरच्या भागात, त्रिपा मधे, लुंग खाली. पण वाग्भट दोष कशाने बिघडतात हे सांगताना जास्त भर आहार, ऋतू, विहारावर देतो, ग्युशी एक पायरी आणखी खाली उतरतो. लुंग वाढतो आसक्तीतून, त्रिपा द्वेषातून आणि पेकेन मोहातून, आणि या तिघांच्याही तळाशी अविद्या, म्हणजे "मी" नावाची पक्की वस्तू आहे असं धरून बसणं. म्हणजे ज्याला शरीर आहे आणि अविद्या आहे त्याच्यात आजाराचं बी आहेच, आज लक्षणं नसली तरी. बुद्धाने चार आर्यसत्यं सांगितली, दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्याचा मार्ग, तेही आजार, निदान, बरं होणं आणि उपचार असंच आहे ही तुलना बौद्ध ग्रंथांत फार जुनी आहे. इथे ती तुलना राहत नाही, खरोखरचं निदान होते.

हे डोक्यात बसवायचं असेल तर भवचक्राचं, म्हणजे जन्म-मरणाच्या फेऱ्याचं, चित्र समोर ठेवा. अगदी मधल्या गोलात तीन प्राणी एकमेकांची शेपटी तोंडात धरून फिरतायत, कोंबडा म्हणजे आसक्ती, साप म्हणजे द्वेष, डुक्कर म्हणजे मोह. बऱ्याच गोंपांच्या (बौद्ध मठांच्या) प्रवेशदारापाशी हे चित्र असतं. आणि भवचक्र बघायला लडाखलाच जायला पाहिजे असं नाही, अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात अर्धवट उरलेलं भवचक्र आहे, लोक जातकांची चित्रं बघायच्या घाईत त्याच्यासमोरून निघून जातात. पुढच्या वेळी थांबा. आणि मग कोंबड्यापुढे लुंग, सापापुढे त्रिपा, डुकरापुढे पेकेन असं वहीत लिहून काढा आणि स्वतःच्या आठवड्यावर लावून बघा. कशाच्या तरी मागे धावून झोप उडालीय, डोक्यात विचार थांबत नाहीत, ते लुंगचं खातं. चिडचिड, तोंड कडू, अंगात उष्णता, ते त्रिपाचं. जडपणा, आळस, खाल्लेलं पचत नाही, ते पेकेनचं. हे निदान नाही हां, फक्त विचार कसा चालतो त्याची प्रॅक्टिस.

ध्यानाला बसणाऱ्यांनी लुंगचा भाग जरा सावकाश वाचावा. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेले आपल्यात कितीतरी आहेत, त्यांना हे जवळचं वाटेल. मन जबरदस्तीने ताणून, ईर्ष्येने ध्यान केलं तर लुंग बिघडतो, आणि तो हृदयाकडचा प्राण-लुंग असेल तर धडधड, भीती, झोप न लागणं, कारण नसताना रडू येणं असं होतं, ही गोष्ट तिबेटी भिक्खूंमध्ये चांगली ओळखीची आहे. आणि उपाय काय सांगतात? ध्यान थांबवा, जिवाभावाच्या माणसांत बसा, ऊबदार जागेत रहा, अंगाला तेल लावा, हाडांचं गरम सूप प्या. बौद्ध वैद्य भिक्खूला सांगतोय की ध्यान बंद कर आणि मटणाचं सूप पी! ज्यांना वाटतं की धर्माशी जोडलेलं वैद्यक म्हणजे नुसता जप, त्यांनी हा भाग आवर्जून वाचावा.

आता एक अडचणीचा भाग. ग्युशीत ४०४ आजारांची एक विभागणी आहे, १०१ असे की आहार-विहार बदलला तरी जातात, १०१ या जन्मातल्या कारणांनी झालेले ज्यांना औषध लागतं, १०१ भूतबाधेचे, आणि १०१ पूर्वकर्माचे. विहारात बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा म्हणत मोठ्या झालेल्या वाचकाला इथे ठेच लागणारच, आणि लागावी. पाली विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, बुद्ध त्यांना औषधं सांगतो ती तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ, किती साधा मामला, आणि इथे बाधा आणि पूर्वजन्म. मी म्हणेन हा भाग लपवू नका आणि गोड करूनही घेऊ नका, "भूत म्हणजे त्यांना बॅक्टेरिया म्हणायचं होतं" असले खुलासे बरेच जण करतात ते फसवे आहेत. वज्रयान, म्हणजे बौद्ध धर्माचा तांत्रिक पंथ, आठव्या शतकानंतर तिबेटात गेलं ते तिथल्या देव-दैवतांसकट नांदलं, वैद्यकही त्यात आलं. अभ्यास करताना तो काळ आहे तसा बघायचा, मानायचं की नाही हा तुमचा प्रश्न. पण एक लक्षात घ्या, चारातले दोन गट सरळ आहार-विहार आणि औषधाचे आहेत, आणि उपचाराचा क्रमही आधी आहार, मग वागणूक, मग औषध, आणि सगळ्यात शेवटी डाग देणं, रक्त काढणं वगैरे बाह्य उपचार असाच आहे.

भैषज्यगुरूची मूर्ती किंवा थंका बघायला मिळाला तर हातांकडे बघा. शरीर वैडूर्यासारखं निळं, डाव्या हातात मांडीवर पात्र, आणि उजवा हात गुडघ्यावर, त्यात एक फांदी, फळासकट. ते फळ म्हणजे हिरडा. हो, आपला हिरडा, जो जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी लोक उन्हाळ्यात गोळा करून, वाळवून विकतात, आणि ज्याच्या भावावरून दरवर्षी ओरड होते. तिबेटच्या उंचीवर हिरडा उगवत नाही, तो भारतातूनच वर जायचा, आणि तरी तिथे त्याला औषधांचा राजा मानलं. अरुरा, बरुरा, क्युरुरा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा, तिबेटी गोळ्यांच्या घटकांत ही त्रिफळा सारखी सारखी भेटते. ग्रंथाआधी मूर्ती वाचायला शिकायचं असेल तर ही चांगली सुरुवात आहे.

तिसरं काम, एकदा क्लिनिकमध्ये जाऊन बघणं. काही दुखत असेल तर पेशंट म्हणून जा, नसेल तर बसायची परवानगी विचारा. जायचं सकाळी लवकर. आदल्या रात्री जागरण नको, दारू नको, खूप चहा नको, आणि बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर सांगा, कारण पहाटेची पहिली लघवी बाटलीत न्यावी लागते आणि ती गोळी रंग बदलून टाकते. अमची ती पांढऱ्या वाडग्यात ओततो आणि बारीक काड्यांनी घुसळतो. मग बघत बसतो. आधी रंग आणि वाफ, मग बुडबुडे, मोठे आणि लवकर फुटणारे की बारीक आणि चिकटून राहणारे, मग तळाशी काय बसतंय आणि वर साय धरतेय का. मोठे निळसर बुडबुडे लुंगकडे बोट दाखवतात, दाट पिवळा रंग आणि उग्र वास त्रिपाकडे, फिकट आणि थंडगार असेल तर पेकेनकडे. नाडीला तीन बोटं, तर्जनी कातडीइतपत दाबायची, मधलं बोट मांसापर्यंत, अनामिका हाडापर्यंत, आणि वैद्याच्या एका श्वासात पेशंटचे पाच ठोके म्हणजे नॉर्मल, जास्त पडले तर उष्ण आजार, कमी पडले तर थंड. हे वाचून लगेच घरच्यांच्या मनगटावर बोटं ठेवाल, ठेवा, मजा म्हणून ठीक आहे, पण हे वर्षानुवर्षं गुरूशेजारी बसून येणारं काम आहे.

वैद्याच्या वागण्यावरही व्याख्या तंत्राचा शेवटचा, ३१ वा अध्याय आहे आणि तो कुठल्याही पॅथीच्या डॉक्टरने वाचावा. गुरूला बुद्ध मान, सहाध्यायांना भावंडं मान, पेशंटला आपलं मूल मान, आणि पू-रक्ताची किळस करू नकोस, कुत्र्या-डुकराला जशी ती येत नाही तशी. बोधिचित्त, म्हणजे सगळ्या जिवांच्या भल्यासाठी बुद्धत्व मिळवायची वृत्ती, म्हणजे काय हे इतक्या रोखठोक भाषेत फार कमी ठिकाणी सापडतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. रिन्चेन रिलबू म्हणजे रत्नगोळ्या, त्या रंगीत कापडात बांधलेल्या असतात, रात्री कुस्करून कोमट पाण्यात ठेवायच्या, पहाटे उजेडाआधी मंत्र म्हणून घ्यायच्या असा त्यांचा सोपस्कार आहे. यातल्या काहींमध्ये शोधन केलेला पारा असतो, ज्याला त्सोथेल म्हणतात. आपल्या रसशास्त्रातही हेच आहे आणि वादही तोच आहे. माझं म्हणणं स्पष्ट आहे, ऑनलाइन किंवा बाजारातून या गोळ्या उचलू नका, किडनीचा त्रास असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर अजिबात नको, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. शिवाय कुटकी, जटामांसी, कुठ या हिमालयी वनस्पती इतक्या ओरबाडल्या गेल्यात की त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, त्यामुळे "जंगली, हाताने तोडलेलं" असं लेबल बघून भुलू नका.

माणसांबद्दल वाचायचं असेल तर दोन नावं पुरतील. येशी धोंदेन, दलाई लामांचे वैद्य, धरमशालेची मेन्त्सीखांग उभी करणाऱ्यांतले, २०१८ ची पद्मश्री, २०१९ मध्ये गेले. आणि तेन्झिन चोद्राक, १९५९ नंतर वीसेक वर्षं चिनी तुरुंगात काढून १९८० च्या सुमारास भारतात आले आणि पुन्हा दलाई लामांचे वैद्य झाले. लुंग, त्रिपा, पेकेन हे शब्द उपाशी, मार खाल्लेल्या शरीराला कसे लागू होतात ते त्यांच्या हकिकतीत दिसतं.

सिरियसली शिकायचं झालं तर डिग्री आहे, सोवा रिग्पाची, साडेचार वर्षं आणि वर्षभराची इंटर्नशिप, सारनाथची तिबेटी संस्था, लेहजवळचं चोगलमसर, धरमशाला आणि दार्जिलिंगचं चाकपोरी ही नावं तपासून बघा, प्रवेशाचे नियम बदलत राहतात म्हणून त्यांना थेट विचारा. डिग्री नको असेल तर धरमशालेच्या गांगक्यी भागात तिबेटी ग्रंथालय आहे, १९७० पासूनचं, तिथे तिबेटी भाषेचे आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे वर्ग चालतात, आणि मेन्त्सीखांग तिथून चालत जाण्याइतकी जवळ. आपल्या गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे, विदर्भातल्या लोकांना तिबेटी बोलणारी माणसं भेटायला हिमाचल गाठायची गरज नाही.

लिपी मात्र शिकाच. ३० व्यंजनं, ४ स्वरचिन्हं, क-ख-ग च्याच क्रमाने, देवनागरी येणाऱ्याला अवघड नाही. उच्चार आणि स्पेलिंगचा मेळ मात्र बसत नाही, लिहितात र-लुंग आणि म्हणतात लुंग, लिहितात बद-कन आणि म्हणतात पेकेन, त्यामुळे नेटवर एकच गोष्ट तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडते. एखादा शब्द मिळाला नाही तर तो नाहीच असं समजू नका, दुसरं स्पेलिंग टाकून परत शोधा.